पांढरी चारमधला ब्लूज: आपापली सादरीकरणे आणि जॅझमधील उपज

पांढरी_चार

येथे सॅक्सोफोन, ट्रंपेट, पेटी, बासरी आणि तबला वाजवणारे बरेच सदस्य आहेत, गाणारेही आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांना जॅझमधील इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे उपज (जागेवर सुचेल तसे वाजवणे), शिकण्याची इच्छा आहे. प्रत्येकाने वेगवेगळे काही वाजवून वाहवा मिळवण्यापेक्षा सर्वांनी एकाच रचनेवर काम करावे, ध्वनिमुद्रण येथे द्यावे आणि त्यावर नेमके बोलले जावे, यासाठी हा धागा काढत आहे. रचना म्हणून बारा बारांचा (बार म्हणजे येथे चार ठोक्यांचा गट) साधा ब्लूज घेऊ आणि पट्टी पांढरी चार, म्हणजे एफ, ठेवू. टेनर सॅक्सोफोन व ट्रंपेट वाजवणाऱ्यांना बोटांनी जी आणि आल्टो सॅक्सोफोनवाल्यांना डी धरावा लागेल, कारण या वाद्यांवर बोटांनी धरलेल्या स्वराचे नाव आणि ऐकू येणारा स्वर वेगळे असतात. लय मिनिटाला शंभर ठोक्यांच्या पुढे नेऊ नये.

कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा, आराखडा असा आहे: पहिले चार बार एफ-सेव्हन, पाचवा आणि सहावा बी-फ्लॅट-सेव्हन, सातवा आणि आठवा पुन्हा एफ-सेव्हन, नववा सी-सेव्हन, दहावा बी-फ्लॅट-सेव्हन, शेवटचे दोन एफ-सेव्हन. जॅझवाले यात आणखी कॉर्ड भरतात, पण त्याकडे नंतर वळू.

नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी ब्लूजचे सहा स्वर दिले जातात: सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प आणि कोमल नि. हे स्वर बाराही बारांवर चालतात, आणि माझ्या मते गैरसोय नेमकी तेथेच आहे. कुठेही काहीही वाजवले तरी कानाला खटकत नसल्याने वादकाला आपण कितव्या बारमध्ये आहोत याची जाणीव ठेवावी लागत नाही, आणि साथीदार बाजूला केले तर ऐकणाऱ्यालाही ते कळत नाही. म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात सुचवतो.

एफला सा मानले तर एफ-सेव्हनमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नि हे स्वर येतात. यांतील ग आणि कोमल नि हे दोन स्वर त्या कॉर्डचा स्वभाव ठरवतात. सा आणि प बेसवाल्याकडे सोपवले तरी चालते. बी-फ्लॅट-सेव्हनमध्ये म, ध, सा आणि कोमल ग येतात, आणि त्यांत महत्त्वाचे दोन म्हणजे ध आणि कोमल ग. आता चौथ्या बारमधून पाचव्यात जाताना काय होते ते पाहा: शुद्ध ग अर्ध्या स्वराने खाली येऊन कोमल ग होतो आणि कोमल नि अर्ध्या स्वराने खाली येऊन ध होतो. सी-सेव्हनमधील महत्त्वाचे स्वर शुद्ध नि आणि म आहेत, त्यामुळे आठव्या बारमधून नवव्यात जाताना याच्या नेमके उलट घडते आणि ग वर चढून म होतो, तर कोमल नि वर चढून शुद्ध नि होतो. दहाव्या बारमध्ये हे दोन्ही स्वर पूर्ण स्वराने खाली उतरतात आणि अकराव्यात अर्ध्या स्वराने वर चढून मूळ जागी परततात.

पहिला धडा एवढाच आहे. वाद्य बाजूला ठेवून, पायाने ठेका धरून, आधी ग-कोमल ग-ग-म-कोमल ग-ग ही एकच ओळ बाराही बारांवर गावी, मग कोमल निपासून निघणारी दुसरी ओळ गावी. दोन्ही ओळी तोंडात बसल्या की वाद्यावर घ्याव्यात, आणि त्यानंतर प्रत्येक बारमध्ये फक्त तीन स्वर वापरून त्या ओळींभोवती छोटी वाक्ये रचावीत. माझे टेनर सॅक्सोफोनवरचे ध्वनिमुद्रण जोडले आहे. त्यात बेस किंवा ड्रम मुद्दाम घेतलेले नाहीत. केवळ सॅक्सोफोन ऐकून बार ओळखता येतात का, हे सांगावे.

आलापी

मी लंडनमध्ये राहते, ख्याल शिकले आहे आणि जॅझची केवळ श्रोती आहे. आपल्या आराखड्यावर आकारात, म्हणजे फक्त ‘आ’ म्हणत, गाऊन सोबत पेटीवर कॉर्ड धरल्या आहेत. आपल्या ध्वनिमुद्रणात पाचवा आणि नववा बार स्वच्छ ओळखू आले, दहावा मात्र दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळला.

गाताना मला सतत जोग आठवत राहिला. जोगमध्ये आरोहात शुद्ध गंधार आणि अवरोहात कोमल गंधार येतो, निषाद कोमल असतो, आणि ‘ग म कोमल ग सा’ या उतरणीतच त्या रागाची ओळख असते. त्यामुळे पहिले चार बार मला घरच्यासारखे वाटले. पाचव्या बारपासून मात्र गळा अडखळतो, कारण तेथे कोमल गंधारावर थांबायचे असते आणि जोगमध्ये मी त्यावर अशी ठाण मांडून कधी बसत नाही. सातव्या बारमध्ये शुद्ध गंधार परत येतो तोही आरोहाच्या ओघात नव्हे, तर कॉर्ड बदलली म्हणून. रागाची सवय येथे मदत करते की आड येते, याविषयी आपले मत ऐकायला आवडेल.

पांढरी_चार

आपले गाणे तीनदा ऐकले. सुरेलपणाबद्दल मी बोलणे अप्रस्तुत आहे, म्हणून फक्त उपजेविषयी लिहितो.

सवय दोन्ही करते. दोन गंधारांमधला फरक आपल्या कानाला आधीच बारकाईने कळतो, ही मोठी पुंजी आहे. केवळ गिटारच्या बोटांच्या आकृत्या पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याला तो फरक ऐकू येण्यासाठीच बराच काळ लागतो. अडचण अशी आहे की जोगमध्ये कोणता गंधार घ्यायचा हे चलन ठरवते, म्हणजे आपण कोठून आलो आणि कोठे निघालो यावर ते अवलंबून असते, तर ब्लूजमध्ये तो निर्णय त्या क्षणी खाली वाजणारी कॉर्ड घेते. आपण पाचव्या बारमध्ये चार वेळा ‘ग म कोमल ग’ असे गायलात. म्हणजे कोमल गंधार आला खरा, पण उशिरा, तिसऱ्या ठोक्यावर. तोच पहिल्या ठोक्यावर ठेवून पाहा. हवे तर चौथ्या बारच्या शेवटच्या अर्ध्या ठोक्यावर शुद्ध गंधार घ्या आणि तेथून थेट उतरा.

याला दुसरीही बाजू आहे आणि ती लपवणे योग्य नाही. ब्लूजच्या जुन्या गायकांचा गंधार या दोन गंधारांच्या मधे कुठेतरी असतो, आणि एफ-सेव्हन वाजत असताना त्यावर कोमल गंधार घासून नेणे हाच तर ब्लूजचा रंग आहे. पेटीवर किंवा पियानोवर तो स्वर नाही, म्हणून पियानोवादक दोन पट्ट्या जवळजवळ एकत्र दाबतात. आपल्या गळ्यात तो आहे. पण आधी कॉर्डप्रमाणे सरळ चालता यावे आणि मग वाकवावे, हा क्रम मी सोडणार नाही.

झपताल

तबलजी म्हणून एक गंमत नोंदवतो. बारा बार आणि प्रत्येकी चार ठोके म्हणजे एका फेरीत अठ्ठेचाळीस ठोके होतात, आणि विलंबित एकतालाच्या प्रत्येक मात्रेचे चार भाग धरले तर तेथेही अठ्ठेचाळीसच भाग होतात. एकतालात टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर असतात आणि खाली, म्हणजे टाळी न देण्याच्या जागा, तिसऱ्या व सातव्या मात्रेवर. आता आपला आराखडा पाहा: बी-फ्लॅट पाचव्या बारला येतो, सी नवव्याला येतो, एफवर शेवटची परत अकराव्याला होते आणि मधली परत सातव्याला, म्हणजे खालीच्या मात्रेवर होते. यावरून कोणी इतिहासाचा सिद्धांत मांडू नये, हा निव्वळ योगायोग आहे. पण ज्यांना विलंबित एकताल अंगवळणी पडलेला आहे त्यांना बार मोजायची वेगळी सोय करावी लागणार नाही. मी हाताने एकताल धरून आलापीताईंचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि एकदाही चुकलो नाही.

लयीबद्दल मात्र दोघांनाही एक सूचना आहे. ठोक्याचे दोन भाग आपण समान करत आहात. जॅझमध्ये मध्यलयीत पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड असतो. ठोक्याचे तीन भाग कल्पून पहिले दोन जोडावेत आणि तिसऱ्यावर पुढचा स्वर टाकावा, म्हणजे साधारण अंदाज येतो. लय वाढत जाते तसा हा फरक कमी होत जातो आणि फार द्रुत लयीत दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. शिवाय टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर द्यावी. समेवर जोर देण्याची आपल्याला इतकी सवय आहे की हे ऐकायला सोपे वाटते, पण बाराही बार न घसरता टाळी धरून दाखवणारा विरळाच.

शंकेखोर

चर्चा वाचनीय आहे, पण एक मूलभूत प्रश्न विचारतो. आपल्या संगीताचा पायाच उपज आहे. ख्यालाची बंदिश दोन ओळींची आणि बाकी सारे जागेवर सुचलेले असते. मग इतके विकसित तंत्र हाताशी असताना परक्या संगीतातील उपज अक्षरओळखीपासून शिकण्याचे प्रयोजन काय? आणि शिकायचीच असेल तर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमपासून सुरुवात का करू नये? त्यातील पहिल्या रचनेत सोळा बार काफी थाटाचे स्वर पांढरी दोनवर आहेत, पुढचे आठ बार तेच स्वर काळी दोनवर आणि शेवटचे आठ बार पुन्हा पांढरी दोनवर आहेत. आपल्या माणसाला हे ब्लूजपेक्षा कितीतरी जवळचे आहे.

पांढरी_चार

प्रयोजन ज्याचे त्याने ठरवावे. मला ते संगीत आवडते, एवढे कारण मला पुरते. परंतु दोन्हीकडे उपज आहे म्हणून तंत्र एकच, हे मान्य नाही. ख्यालात सा हलत नाही, तंबोरा सतत त्याची आठवण देत असतो, आणि त्या बदल्यात कलावंताला वेळेचे स्वातंत्र्य मिळते. एखाद्या स्वरावर किती आवर्तने रेंगाळायचे हे तोच ठरवतो. ब्लूजमध्ये किंवा बत्तीस बारांच्या गीतात वेळ आखून दिलेली असते, पाचवा बार कोणासाठी थांबत नाही, आणि पायाचा स्वर मात्र हलत राहतो. त्यामुळे रागदारीत मुरलेल्या वादकाला स्वर सुचतात पण स्थळ सुटते, आणि बॅंडमध्ये वाढलेल्याचे स्थळ सुटत नाही पण त्याच्याकडे सांगण्यासारखे थोडे असते. हे सरसकट विधान आहे याची कल्पना आहे.

आपण सुचवलेली रचना सोपी दिसते, म्हणूनच मी ती पहिल्या धड्यात घेणार नाही. सोळा बार काहीही बदलत नाही तेव्हा नवशिक्याला पकडायला काहीच मिळत नाही. तो काफीचे स्वर वरखाली करत राहतो आणि सतराव्या बारला अर्धा स्वर चढायचे विसरतो. माइल्स डेव्हिस आणि त्यात सॅक्सोफोन वाजवणारे जॉन कोल्ट्रेन त्या रचनेपर्यंत पोहोचले ते अनेक वर्षे झपाट्याने बदलणाऱ्या कॉर्डवर वाजवल्यानंतर.

जुना_वादक

मी व्हायोलिन वाजवत असे, बहुतेक आयुष्य चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गेले. जॅझ परका असल्याचे वाचले म्हणून थोडे लिहितो.

मुंबईत ताजमहाल हॉटेलात 1935 साली लिऑन ॲबे यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा संच आला, त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तेथे बस्तान बसवले. वेदरफर्ड तर भारतातच राहिले आणि 1945 मध्ये कलकत्त्यात वारले. त्यांच्या संचांत हळूहळू गोव्याचे वादक बसू लागले. या मंडळींनी गावातील चर्चच्या पॅरिश शाळेत लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले असे, त्यामुळे समोर ठेवलेला कागद ते पहिल्याच नजरेत वाजवत. पण कागदावर नसलेले वाजवायचे कसे, हे त्यांना शाळेने शिकवले नव्हते. ते त्यांनी शेजारी बसलेल्या अमेरिकी वादकाकडून आणि तबकड्यांवरून उचलले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सारी मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखत असे, ते अमेरिकी ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या वादनाने इतके भारलेले होते की लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत.

पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, क्लबांचे उत्पन्न आटले, आणि या वादकांना चित्रपटांच्या वाद्यवृंदांनी आधार दिला. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याकडे चिक चॉकलेट साहाय्यक होते. 1951 च्या ‘अलबेला’तील पितळी वाद्यांचे तुकडे कान देऊन ऐका, गाण्याच्या ओळी संपतात तेथे ट्रंपेट काय उत्तर देतो ते ऐका. लोकांना ते चित्रपटाचे ठेकेबाज संगीत वाटते. माझ्या मते तो कॉल अँड रिस्पॉन्सचा, म्हणजे सवाल-जवाबाचा, उत्तम धडा आहे, आणि तोही मराठी संगीतकाराच्या चालीवर.

रागाबद्दल विचारणाऱ्यांनी ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन शोधून ऐकावा. गोव्याचा हा वादक रागाचे स्वर घेऊनही जॅझच्या चौकटीत ठाम उभा राहतो. निरंजन झवेरी यांनी 1978 मध्ये मुंबईत जॅझ यात्रा सुरू केली, त्या पहिल्या महोत्सवात अमेरिकी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेले. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात उघड्यावर बसून असा सॅक्सोफोन ऐकलेली माझी पिढी आता थकली आहे. त्या रंगमंचावरचे असे कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे बंद झाले, याचे दुःख वेगळेच आहे.

सासष्टी_ट्रंपेट

जुना_वादक, आपला प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. त्यांनीही अशाच शाळेत सोल्फेजो, म्हणजे स्वरांची नावे घेत गाण्याचा सराव, घोकलेला आहे. मी लग्नांत आणि फेस्तांत (चर्चच्या उत्सवांत) ट्रंपेट वाजवतो. ठरलेल्या आराखड्यावर सहा फेऱ्यांचे ध्वनिमुद्रण जोडले आहे, सोबत मित्राचा बेस आणि तबला आहे.

ओळी गाण्याचा सराव केला आणि त्याचा उपयोग झाला. परंतु मला वेगळीच अडचण जाणवते. एकेका बारचा विचार करू लागलो की वाक्य बारच्या रेषेवर तुटते, आणि बारा छोटे तुकडे ओळीने मांडल्यासारखे ऐकू येते. वाक्य लांब कसे करावे?

पांढरी_चार

आपला ट्रंपेटचा नाद भरदार आहे आणि चौथ्या फेरीतील नववा बार मी पुन्हा पुन्हा ऐकला. शुद्ध निषाद आपण ज्या आत्मविश्वासाने लावलात तो मला अद्याप साधत नाही.

लांब वाक्यासाठी ते लांब करण्याचा प्रयत्नच करू नये. ब्लूजच्या गाण्याची मूळ रचना तीन ओळींची आहे: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिचे उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गायक साधारण अडीच बारच गातो आणि उरलेल्या जागेत गिटार किंवा ट्रंपेट बोलतो. आपणही तसेच करावे. पहिल्या दोन बारांत एक वाक्य वाजवा, पुढचे दोन बार पूर्ण गप्प राहा. पाचव्या बारला तेच वाक्य पुन्हा घ्या, मात्र त्यातील शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार ठेवा, म्हणजे कॉर्डही सांभाळली जाईल आणि ऐकणाऱ्याला ओळखीचे काही बदललेले ऐकू येईल. नवव्या बारला उत्तर द्या. शांततेची भीती गेली की वाक्ये आपोआप रेषा ओलांडू लागतात, कारण श्वास घेण्याची जागा वादक स्वतः निवडू लागतो. त्यानंतर वाक्य बारच्या पहिल्या ठोक्यावर सुरू न करता आधीच्या बारच्या तिसऱ्या किंवा चौथ्या ठोक्यापासून उचलण्याचा सराव करावा.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी तबल्याने तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे पहिल्या ठोक्यावर, येणे) घेतली आहे. ती अचूक समेवर आली, टाळ्याही पडल्या असतील. तरीही मला ती तेथे खुपली, कारण तिहाईने फेरी कुलूप लावल्यासारखी बंद होते आणि आपण चौथी फेरी सुरू करता तेव्हा सारे नव्याने उभे करावे लागते. जॅझमध्ये एका वादकाचे शेवटचे वाक्य पुष्कळदा पुढच्या फेरीच्या पहिल्या बारमध्ये शिरते आणि दुसरा वादक त्याच वाक्याचे टोक धरून निघतो.

झपताल

तिहाईवरचा आक्षेप अर्धाच मान्य. शेवटच्या फेरीला ती शोभते, आणि दोन वादक चार-चार बार आलटून पालटून वाजवतात तेव्हाही तिहाईसारखे शस्त्र का वापरू नये? मात्र ती समेच्या आधी एक ठोका संपवावी, म्हणजे उरलेला ठोका समोरच्याला उचलता येतो. तबलजींना हे जड जाईल. आम्हाला समेआधी थांबायला कोणी शिकवलेले नसते.

आलापी

सुचवल्याप्रमाणे पाचव्या बारचा कोमल गंधार पहिल्या ठोक्यावर आणला, टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवली, आणि नवे ध्वनिमुद्रण जोडले आहे. या वेळी पेटी काढून टाकली आहे. जाता जाता, मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांचा 1969 चा ‘इंटिग्रेशन’ हा अल्बम येथे लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता. शंकेखोर यांनी तो जरूर ऐकावा.

शंकेखोर

ऐकतो. आलापी यांचे दुसरे ध्वनिमुद्रण पहिल्यापेक्षा उजवे आहे आणि पेटी नसतानाही मला बार मोजता आले, एवढे मान्य करतो. प्रयोजनाचा माझा प्रश्न कायम आहे.

बासरीवाली

उशिरा येत आहे. माझ्याकडे पांढरी पाचची बासरी आहे, तिच्यावर एफचा ब्लूज वाजवताना बोटांची फार ओढाताण होते. मी पट्टी बदलून जीमध्ये वाजवले तर चालेल का? शिवाय शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर येताना दुसरे छिद्र अर्धे झाकत मींड घेतली, म्हणजे स्वर न तोडता घसरत आले, तर ते कॉर्डच्या शिस्तीत बसते का, की दोन्ही स्वर स्वतंत्रपणे लावावेत?

पांढरी_चार

पट्टी बदलली तरी चालेल; एकट्याने वाजवताना अंतरे तीच राहतात, म्हणून जीला सा माना आणि वरचे सारे तसेच्या तसे लागू करा. चौथ्या बारच्या शेवटी मींड अवश्य घ्यावी, पण ती पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्याआधी पूर्ण व्हायला हवी, नाहीतर कॉर्ड बदलून जाते आणि बासरी मागे रेंगाळते. सातव्या बारला परत वर जाताना मात्र मींड टाळून पाहा, शुद्ध गंधार थेट लावा. उतरताना घसरणे आणि चढताना स्पष्ट पाऊल टाकणे हा फरक बासरीवर सुंदर ऐकू येईल. ध्वनिमुद्रण झाले की येथे द्या, आणि शक्य असल्यास पहिल्या फेरीत फक्त ग-कोमल ग-ग-म-कोमल ग-ग ही ओळ वाजवा, म्हणजे झपताल यांना त्यावर ठेका धरता येईल.